मेजर सबनीसांचा नेम

मेजर सबनीस कुणाशीही बोलताना डावा डोळा किंचित मिटत. समोर मॅनेजर असो, कँटीनवाला असो की स्वतःची बायको, त्यांचा डावा डोळा बारीक व्हायचा आणि उजवा तुमच्या दोन भुवयांच्या मधोमध येऊन थांबायचा. नव्या माणसाला वाटे, साहेबांना डोळ्याचा काही विकार असावा. आम्हा जुन्यांना माहीत होतं, की ते नेम धरताहेत.

परवा त्यांच्या नेमबाजीच्या क्लबातली दोन तरुण मुलं माझ्या घरी आली होती. मेजरांच्या स्मरणार्थ एक पुस्तिका काढायची आहे, तुम्ही त्यांच्याबरोबर इतकी वर्षं काम केलंत, दोन शब्द लिहून द्या, म्हणाली. गेलेल्या माणसाबद्दल वाईट बोलू नये, असं आपल्याकडे म्हणतात. मी कागद पुढ्यात घेऊन बसलो आणि चांगलं काही आठवतं का, ते मन लावून पाहिलं. एक आठवलं. ते नेमबाज होते, आणि खरोखरच फार मोठे नेमबाज होते. बाकी जे आठवलं ते त्या पुस्तिकेत छापणार नाहीत, म्हणून इथे लिहितो.

आमचा सिमेंटच्या पाइपांचा कारखाना नाशिकरोडच्या पलीकडे होता. गेटवर उभं राहिलं की एकलहऱ्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायच्या आणि वारा फिरला की तिकडची राख आमच्या टेबलांवर बसायची. गोष्ट सत्तरनंतरच्या वर्षांतली. मी हिशेब खात्यात कारकून होतो आणि मेजर सबनीस कारखान्याचे सुरक्षा अधिकारी. मेजर हे पद त्यांनी कॉलेजातल्या पोरांना कवायत शिकवता शिकवता मिळवलं होतं. लढाई त्यांनी पाहिली ती आम्ही पाहिली तिथेच, म्हणजे वर्तमानपत्रात. एकदा जीपच्या ड्रायव्हरने भोळेपणाने विचारलं, "साहेब, तुम्ही कोणत्या आघाडीवर होता?" मेजरांनी डोळा बारीक केला आणि म्हणाले, "ते सांगायची परवानगी नाही." ड्रायव्हर बिचारा आठवडाभर भारावून होता.

'साधारण' हा शब्द त्यांना खपत नसे. साधारण दहा वाजता, साधारण एवढे पाइप, असं कुणी बोललं की ते म्हणायचे, "जवळपास म्हणजे चूक." हे वाक्य दिवसातून कितीदा तरी ऐकावं लागे. कँटीनमध्ये चहा कपाच्या सोनेरी रेघेच्या वर किंवा खाली आला की कप परत जायचा. गेटवरच्या म्हाताऱ्या वॉचमनची टोपी एकदा कलती दिसली, तर मेजरांनी त्याला भर उन्हात ध्वजाच्या खांबाशी उभं केलं, टोपी हलली तर पुन्हा पहिल्यापासून. संध्याकाळी म्हातारा तापाने फणफणला. आम्ही तक्रार घेऊन गेलो तेव्हा मेजर म्हणाले, "आता टोपी सरळ असते ना?" असायची खरी. त्यांचं म्हणणं कधीच चुकीचं नसायचं, हीच त्यांच्याशी भांडण्यातली अडचण होती.

पण अचूक असलेला माणूस वेळेला उभा राहीलच असं नाही. एका उन्हाळ्यात आमच्या गोदामात पेंढ्याला आग लागली. सुरक्षा अधिकारी म्हणून पाण्याच्या पंपाची किल्ली मेजरांकडे, आणि मेजर पुण्याला स्पर्धेला गेलेले. आम्ही कुलूप फोडलं, बादल्यांनी पाणी मारलं, दोघांचे हात भाजले. दुसऱ्या दिवशी मेजर परत आले ते चांदीचा कप घेऊन. आमच्या तोंडावरची काजळी अजून पुरती गेली नव्हती आणि हा माणूस आम्हाला उभं करून सांगत होता, की शेवटची गोळी कशी बरोबर मध्यबिंदूत गेली. किल्लीचं कुणी विचारलंच नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं असतं, की किल्ली जिथे असायला हवी तिथेच होती, त्यांच्या खिशात.

आता काशिनाथबद्दल सांगायला हवं. काशिनाथ पगारे कारखान्याचा पहारेकरी, निफाडकडच्या एका खेड्यातला, अंगाने रुंद आणि बोलायला कमी. पगाराच्या दिवशी नाशिकरोडच्या बँकेतून रोकड आणायला जीप जायची. मागे ट्रंकेवर हात ठेवून मी, पुढे ड्रायव्हर, आणि ड्रायव्हरशेजारी कमरेला रिव्हॉल्व्हर लावून काशिनाथ. ते रिव्हॉल्व्हर कारखान्याच्या मालकीचं, विलायती आणि पुरातन. त्याची लाकडी मूठ एका बाजूने तडकलेली होती आणि आमच्या वायरमनने ती तांब्याच्या तारेने आवळून बांधली होती. हलवलं की डब्यात चमचा वाजावा तसं खुळखुळायचं. गोळी कधी हातभर डावीकडे, तर कधी वर. पण इतक्या वर्षांत दाबलं आणि उडलं नाही, असं कधी झालं नव्हतं.

मेजरांना ते डोळ्यांसमोर नको होतं. नवं पिस्तूल घ्यावं म्हणून त्यांनी मॅनेजरच्या मागे लागून मंजुरी आणली आणि एके दिवशी मला, काशिनाथला आणि जुन्या रिव्हॉल्व्हरला जीपमध्ये घालून नाशिकला अब्बासभाईंच्या दुकानात नेलं. अब्बासभाई बंदुकांचे जुने व्यापारी. त्यांच्याकडे कुणा शिकारी जहागीरदाराच्या घरातून आलेलं एक जर्मन पिस्तूल होतं. मखमलीच्या पेटीत ठेवलेलं. मेजरांनी ते हातात घेतलं तेव्हा त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच मऊ झालेला पाहिला.

अब्बासभाई म्हणाले, "मेजरसाहेब, चीज नंबर एक आहे, पण हे मैदानातलं जनावर आहे. सगळं घट्ट बसवलेलं आहे याच्यात. जरा कचरा गेला की अडतं. याला रोज खोलून साफ करावं लागतं. रस्त्यावर न्यायचं तर तुमचं जुनंच बरं."

"ते जुनं? त्याचा नेम पाहिलात का?"

"नेम नाही, कबूल. पण समोरचा चोर काय पोस्टकार्डाएवढा असतो? पाच पावलांवर उभा असतो तो. तिथे उडलं पाहिजे, बस."

मेजरांनी काशिनाथकडे डोळा वळवला. "तू रे? तुला काय वाटतं?"

काशिनाथ म्हणाला, "नेम नाय साहेब त्याला. पण दाबलं की वाजतं."

"वाजायला ढोलही वाजतो, काशिनाथ," मेजर म्हणाले, आणि स्वतःच हसले.

तरी परत आल्यावर त्यांनी रीतसर परीक्षा घेतली. जुनं रिव्हॉल्व्हर त्यासाठी त्या दिवशी परत आणलं होतं. कारखान्यामागच्या मुरमाच्या ढिगाऱ्यावर दोन पुठ्ठे लावले, मॅनेजरना खुर्ची दिली. पिस्तुलाच्या पाच गोळ्यांची भोकं रुपयाच्या नाण्याखाली झाकली गेली. रिव्हॉल्व्हरची भोकं पुठ्ठाभर उधळली होती, एक तर पुठ्ठ्यावर नव्हतंच. मॅनेजरनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, खोटं कशाला बोलू, हात असा स्थिर मी दुसऱ्या कुणाचा पाहिलेला नाही. पिस्तूल कारखान्याचं झालं. जुनं रिव्हॉल्व्हर घेऊन मेजर पुन्हा अब्बासभाईंकडे गेले आणि आल्यावर म्हणाले, "गेलं एकदाचं भंगारात."

पिस्तूल साफ कोण करणार, हा प्रश्न लगेच आला. मेजरांनी पहारेकऱ्यांना ते खोलायची सक्त मनाई केली. "खोललं की नेम हलतो," ते म्हणायचे. स्वतःही ते क्वचितच खोलत, वरून रेशमी फडक्याने पुसत आणि पेटीत ठेवत. काशिनाथला त्यावर सराव म्हणून मिळाल्या त्या थोड्याच गोळ्या. गोळ्या महाग आहेत, असं कारण होतं. मेजरांच्या स्पर्धेच्या सरावाला मात्र त्या स्वस्त होत असाव्यात.

मग दसरा आला. कारखान्यात दसऱ्याला यंत्रांची पूजा व्हायची, झेंडूच्या माळा, प्रत्येक मशीनवर कुंकवाचं बोट, कामगारांना पेढे. त्या वर्षी मेजरांनी शस्त्रपूजाही ठरवली, कारण मॅनेजरचे मुंबईचे पाहुणे येणार होते आणि फोटोग्राफर बोलावला होता. पिस्तूल चांदीच्या ताटात, लाल वस्त्रावर ठेवलं. फोटोत रुबाब यावा म्हणून मेजरांनी त्याचा वरचा सरकता भाग मागे ओढून अडकवून ठेवला, म्हणजे पिस्तुलाने आ वासला. भटजींनी बिचाऱ्यांनी जे देवाला करतात तेच केलं. पंचामृत शिंपडलं, हळदकुंकू वाहिलं, आणि मंत्र संपल्यावर सगळ्यांनी तुपात भिजवलेल्या अक्षता टाकल्या. मीही टाकल्या. दूध, दही, तूप, मध, साखर, तांदूळ, सगळा नैवेद्य त्या उघड्या तोंडात गेला. फोटो झकास आला. मग मेजरांनी भाग पुढे सोडला, फडक्याने वरून पुसलं आणि पेटी बंद केली.

काशिनाथ त्या दिवशी नव्हता. तो बौद्ध, त्यांचा त्या दिवशी धम्मचक्र प्रवर्तनाचा कार्यक्रम असतो, दरवर्षी रजा घेऊन बायकापोरांसह जायचा. पुढच्या पाळीला पिस्तूल हातात आल्यावर त्याने ते उलटसुलट करून पाहिलं, बोटाला लागलेलं कुंकू पाहिलं आणि मेजरांच्या खोलीत गेला. मी तिथे सह्या घ्यायला उभा होतो.

"साहेब, आत कुंकू अन् काय काय चिकट गेलंय. एकदा खोलून पुसून घेऊ का?"

"पूजेचं आहे ते. तुझ्या चिंध्या लावायच्या नाहीत त्याला."

"पण साहेब, अडकलं बिडकलं तर..."

"पूजेतलं तुला काय कळतं, काशिनाथ? आणि शस्त्रातलं?"

काशिनाथने मान खाली घातली नाही, पिस्तूल कमरेला लावलं आणि पाळीवर निघून गेला. मेजरांना काय म्हणायचं होतं ते खोलीत सगळ्यांना कळलं होतं. मला ते वाक्य आजही ऐकू येतं आणि आजही राग येतो.

दिवाळीच्या बोनसची रोकड घेऊन आम्ही दुपारी परत येत होतो. दोन्ही बाजूंना ऊस. वळणावर उसाची बैलगाडी रस्त्यात आडवी लावलेली दिसली. ड्रायव्हरने ब्रेक मारला आणि उसातून चार माणसं निघाली, हातात कोयते. काशिनाथ जीपमधून उडी मारून उतरला आणि त्यांच्या समोर उभा राहिला. हे मी पाहिलं आहे. तो मागे सरला नाही, खाली बसला नाही, समोर उभा राहिला. त्याने पिस्तुलाचा भाग मागे ओढला, सोडला, तो अर्ध्यावर येऊन थांबला. त्याने घोडा दाबला. काही झालं नाही. पुन्हा ओढला, पुन्हा दाबला. भरवशाच्या म्हशीला टोणगा म्हणतात तसं म्हणावं, तर या म्हशीवर आमचा भरवसा कधी नव्हताच. तिसऱ्यांदा तो ओढत असताना कोयता त्याच्या हातावर पडला.

तेवढ्यात मागून वीज केंद्राचा राखेचा ट्रक हॉर्न वाजवत आला आणि चौघे उसात पळाले. ट्रंक जागच्या जागी होती. रस्त्यावर काशिनाथच्या उजव्या हाताची दोन बोटं होती, आणि पिस्तूल.

रोकड वाचली, त्यामुळे फार काही झालं असं कारखान्याला वाटलंच नाही. मी काशिनाथला दवाखान्यात सोडून परतलो, तर मेजर गेटवर उभे. त्यांनी माझ्या हातातून पिस्तूल घेतलं, आपल्या खोलीत गेले आणि दार लावलं. बऱ्याच वेळाने बाहेर आले, मॅनेजरना घेऊन मुरमाच्या ढिगाऱ्याशी गेले आणि नवा पुठ्ठा लावून गोळ्या झाडल्या. सगळी भोकं पुन्हा एका नाण्यात. त्यांच्या हातांना रॉकेलचा वास येत होता. पिस्तूल साफ करायला रॉकेल लागतं, हे मला तोवर समजलं होतं.

चौकशीत त्यांनी तो पुठ्ठा टेबलावर ठेवला. म्हणाले, "शस्त्र अचूक आहे. माणूस घाबरला. सेफ्टीचा खटकाच काढला नाही त्याने." मी उठून सांगितलं, की त्याने भाग ओढलेला, घोडा दाबलेला मी डोळ्यांनी पाहिला, पूजेत काय काय आत गेलं तेही सांगितलं, रॉकेलचंही सांगितलं. मेजरांनी शांतपणे डोळा बारीक केला. "तुमची नजर ट्रंकेवर होती. तिथेच असायला हवी होती. तुमचं काहीच चुकलं नाही." मॅनेजर हसले आणि पुढचा विषय आला. पुठ्ठा मात्र नंतर नोटीस बोर्डावर लागला.

युनियनने भांडून काशिनाथची नोकरी वाचवली, त्याला ऑफिसात शिपाई केलं. पण नाव गेलं. कामगार त्याला 'सेफ्टी' म्हणू लागले. सेफ्टी आला, सेफ्टीला चहा सांगा. हाक मारणाऱ्यांत वाईट माणसं थोडीच होती, बाकीच्यांना ती नुसती सवय होऊन गेली. काशिनाथ वळून बघायचा आणि सांगितलेलं काम करायचा. एकदाच मला म्हणाला, "साहेब, मिलिंदला शाळेत पोरं सेफ्टीचा पोरगा म्हनत्यात. काल इचारलं त्यानं, बाबा तुमी खरंच भ्याला व्हता का? मी नाय म्हनलो. पन माझ्या म्हनन्याला काय पुरावा हाय?" पुठ्ठ्यासमोर माझंही म्हणणं टिकलं नव्हतं.

मेजर यथावकाश निवृत्त झाले. निरोप समारंभात त्यांना घड्याळ दिलं, तेव्हा त्यांनी आपल्या घड्याळाशी ते ताडून पाहिलं आणि देणाऱ्याला सांगितलं, की मागे आहे. गंगापूर रोडला त्यांचा बंगला होता. त्या काळी तिकडे आजूबाजूला शेतंच होती, रात्री दिवासुद्धा दिसायचा नाही. ते, बायको आणि दोन मुली, एवढेच राहायचे.

त्यांना मी शेवटचं पाहिलं ते ऐंशीनंतरच्या एका निवडणुकीच्या आधी. निवडणूक आली की परवान्याची सगळी हत्यारं पोलीस ठाण्यात जमा करावी लागतात. कारखान्याचं ऑफिस तोवर शहरात आलं होतं आणि मी हेडक्लार्क झालो होतो, म्हणून ते जर्मन पिस्तूल जमा करायला मी गेलो. पिशवी काशिनाथकडे होती. ठाण्यात टेबलासमोर रांग होती आणि आमच्या पुढे एक ताठ पाठ उभी होती. चेहरा न बघताही मी ओळखली. मेजरांनी आम्हाला पाहिलं नव्हतं.

त्यांची पाळी आली. त्यांनी फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी टेबलावर ठेवलं आणि फडकं सोडलं. खुळखुळ आवाज झाला. लाकडी मूठ, आणि मुठीवर आवळून बांधलेली तांब्याची तार.

हवालदार त्यांना ओळखत असावा. हसून म्हणाला, "काय मेजरसाहेब, तुमच्यासारख्या नेमबाजाकडे हे असलं खटारं? नेमबिम लागतो का याचा?"

"नेम कशाला लागतोय," मेजर म्हणाले. बोलण्यात चक्क फुशारकी होती. "घरात बायको, मुली, आजूबाजूला चिटपाखरू नाही. घरात भरवशाचं लागतं, हवालदार. दाबलं की उडणारं. ती जर्मन खेळणी चोर आल्यावर अडून बसतात."

"कधीचं आहे हो?"

"झाली की बरीच वर्षं. कारखान्याला पिस्तूल घेऊन दिलं ना, त्याच आठवड्यात अब्बासकडून मी स्वतःला घेतलं हे."

मी काही बोलणार होतो, काय ते आता आठवत नाही, पण चांगलं नव्हतं. त्याआधी काशिनाथ पुढे झाला. त्याने आमची पिशवी त्या रिव्हॉल्व्हरशेजारी टेबलावर ठेवली, तीन बोटांच्या हाताने, आणि तो हात तिथेच राहू दिला. मेजर वळले. त्यांनी आधी हात पाहिला आणि मग माणूस.

"वाजतं ना अजून, साहेब?" काशिनाथने विचारलं. आवाजात टोमणा नव्हता. एखाद्या जुन्या ओळखीच्या माणसाची चौकशी करावी तसं विचारलं.

मेजरांचा डावा डोळा मिटला नाही. दोन्ही डोळे उघडे असलेला त्यांचा चेहरा मी पहिल्यांदा पाहिला आणि तो अगदी सामान्य, म्हाताऱ्या माणसाचा होता. ते रांगेतून बाजूला झाले आणि चालू लागले. हवालदार मागून ओरडला, "अहो साहेब, पावती राहिली." त्यांनी मागे पाहिलं नाही.

आमचं काम उरकून आम्ही बाहेर आलो. मी चहा घेऊ म्हणालो, तर काशिनाथ नको म्हणाला.

"आज जरा लवकर जाऊ का घरी, साहेब?"

"जा की. काय काम निघालं?"

"मिलिंदला सांगायचंय," तो म्हणाला.

मी त्याला तिथूनच घरी जाऊ दिलं आणि रिकामी पिशवी घेऊन एकटा ऑफिसात आलो.